किल्ली कुणाकडं ठेवतीस?

शालनमावशी, तू मंगळवारी गेलीस आणि शुक्रवारी सुनावणी होती. तीन दिवस थांबायला काय झालं होतं? गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत. मी रागावलेली आहे. अकरा घरांना नोटीस आली होती: 'वाटप झालेल्या सदनिकेत आपण प्रत्यक्ष राहत नसल्याचे पाहणीत आढळून आले, सबब आपले वाटप रद्द का करण्यात येऊ नये.' सोडतीत लागलेली घरं त्या अकरा जणांना आपापसात बदलायला लावलीस तू. आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तू नाहीस.

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, असलं मी काही लिहिणार नाही. तुझ्या आधारकार्डावर एक जानेवारी आहे, वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या आहे तशी. दवाखान्याच्या कागदावर रेखानं, तुझ्या पोटच्या पोरीनं, तुझं वय अंदाजानं टाकलं. बाकी जे आहे ते तुझ्यामाझ्यातलं आहे, आणि त्यातलं बरंचसं भांडण आहे.

पूर ओसरून आठवडा झाला होता. नदीकाठच्या मळीतल्या वस्तीत भिंतींवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ होती आणि मी पत्रकं घेऊन आले होते. उंब्रजहून शिकायला सांगलीत आलेली, घरी ऊस, बाप फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, आणि डोक्यात एवढंच की कुणावर तरी अन्याय झालाय आणि तो मला छापायचाय. तू दारात ओल्या वाकळा पिळत होतीस. हात पुसून पत्रक घेतलंस. हळदीच्या गोदामात उभा जन्म हळकुंडं निवडलेली तुझी बोटं. पूर आला तरी त्यांचा पिवळा रंग गेला नव्हता. एकेका शब्दाखाली बोट ठेवत तू अख्खं पत्रक मोठ्यानं वाचलंस. पूरग्रस्त. वंचित. लाभार्थी. पुनर्वसन. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"लाभार्थी नावाचं आमच्या गल्लीत कोण ऱ्हात न्हाई," तू म्हणालीस. "मुमताज ऱ्हाती, सुनीता ऱ्हाती, धोंडीराम ऱ्हातो. त्यास्नी काय पायजे ते इचारलंस का?"

मी म्हणाले, आवं मावशी, तुम्ही समजून घ्या, मागण्या सगळ्यांच्याच आहेत. तर तू म्हणालीस, मला तुमी म्हणू नगंस, कोण तर साहेब आल्यागत वाटतंय. तेव्हापासून तू. आणि माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. माझं गावच माझं नाव झालं. काय उंब्रज, आज कुणावर मोर्चा? उंब्रज, जेवलीस का? आमच्या घराला पुढं अंगण, मागं परडं, हे तुला कळल्यावर तर तुला आयतं हत्यारच मिळालं. माझं काही चुकलं की म्हणायचीस, परड्यातल्या माणसाला भिंतीला भिंत काय कळणार.

पत्रक लिहायला मला आमच्या संघटनेनं शिकवलं होतं. वर ठळक मथळा, खाली तीन मागण्या, शेवटी इशारा. ते मला झोपेतही जमायचं. तू त्यात एकच गोष्ट घातलीस आणि माझी पंचाईत केलीस. प्रत्येक मागणीवर बोट ठेवून विचारायचीस, हे कोण म्हणतंय? नाव सांग. नाव सांगता आलं नाही की, "मग खोड." तीन मागण्यांचं पत्रक एका मागणीवर यायचं. मी चिडायचे, पण ती एक मागणी घेऊन आम्ही ऑफिसात गेलो की जिची मागणी ती बाईच पुढं उभी असायची, आणि साहेबाला 'लोकांची दिशाभूल करू नका' हे माझ्याकडं बघून म्हणता यायचं नाही. वस्तीतली गटार अशीच झाली. दिव्याचे खांब असेच आले. माळावरची घरकुलंसुद्धा अशीच मंजूर झाली, आणि त्याचा जयजयकार झाला तेव्हा हार माझ्या गळ्यात होता. तू मागं उभी राहून हसत होतीस, हे मी फोटोत नंतर पाहिलं.

आता भांडणाकडं येते.

माळावर तीन इमारती उभ्या राहिल्या. अ, ब, क. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. कुणाला कुठलं घर द्यायचं हा प्रश्न आला आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली की पुढाऱ्यांची माणसं खालचे मजले आधीच धरून बसलीत. माझं रक्त तापलं. मी पत्रक काढलं: 'घरांचे वाटप जाहीर सोडतीनेच झाले पाहिजे. सोडतीशिवाय वाटप झाल्यास तीव्र आंदोलन.' या वेळी मी ते तुला दाखवलं नाही. हे कोण म्हणतंय, असं तू विचारशील आणि मला 'मी' म्हणावं लागेल, हे मला माहीत होतं.

तू तोवर तुझ्या पद्धतीनं कामाला लागली होतीस. घरोघर जाऊन बायकांना एकच प्रश्न: कामाला जाताना किल्ली कुणाकडं ठेवतीस? मळीत सगळ्याच बायका कामाला जायच्या आणि सगळ्याच कुणाकडं तरी किल्ली देऊन जायच्या. पोरं शाळेतून येणार, नळाला अवेळी पाणी येणार, म्हाताऱ्याला गोळी द्यायची असणार. किल्ली जिच्याकडं तिला न विचारता घरात शिरायची मुभा. नात्याची असो, नसो. जातीची असो, नसो. सुनीता मिरजेला दवाखान्यात आयाचं काम करते, तिच्या प्राचीला फिट येते. त्या घराची किल्ली भिंतीपलीकडच्या मुमताजचाचीकडं. असं विचारत विचारत तू गल्ली पिंजून काढलीस आणि एका दुपारी मला हाक मारलीस. अंगणात खडूनं तिन्ही इमारतींचे मजले आखलेले, आणि एकेका चौकोनात एकेक हळकुंड.

"हे मुमताजचं. गुडघं गेल्यात, तिला खाली. हे सुनीताचं, लगेच वर. हे धोंडीरामचं. किल्ली जिथं पडती तितं शेजार पायजे. चिठ्ठ्या कशाला? गल्ली हाय तशी उचला आन् उभी करा."

मला ते हळकुंडांचं गाव बघून भरून यायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "ही यादी कोण करणार मावशी? तूच ना?"

"मग काय तुझा बा करणार? त्याला म्हाईत हायत मुमताजचं गुडघं?"

"उद्या म्हणतील शालननं आपल्या माणसांना खालचे मजले दिले."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. "म्हंजे मी बी त्यातलीच?"

मी नाही म्हणाले नाही. मी म्हणाले, प्रश्न तुझा नाही, तत्त्वाचा आहे. मग सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले की कुणाच्या चांगुलपणावर आपला हक्क टांगून ठेवता येत नाही. वाक्य चांगलं होतं. टाळ्या पडल्या. सोडतीच्या बाजूनं हात वर झाले, एकामागून एक, मुमताजचाचीचाही. तुझा झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सोडतीचे अर्ज भरायला तूच दारोदार फिरलीस. माझा पराभव झाला असता तर मी आठवडाभर तुमच्या गल्लीत पाय ठेवला नसता.

सोडत झाली. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, पारदर्शक डब्यातून. कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. मी पेढे वाटले. मुमताजचाचीला ब इमारतीचा तिसरा मजला. सुनीताला क. धोंडीरामअण्णाला अ, आणि त्याच्या बायकोच्या, कमलच्या, जिवाभावाच्या बाया सगळ्या क मध्ये. तुला अ चा तळमजला, दारासमोर मोकळी जागा. निःपक्षपातीपणानं तुमच्या गल्लीचे तुकडे झाले आणि तो मीच लढून आणला होता.

चौथ्या महिन्यात प्राचीला बंद घरात फिट आली. सुनीता ड्यूटीवर. आतून काहीतरी पडल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला, पण शेजारी नवे. किल्ली कुणाकडं नव्हती, पोरीला काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं टीव्ही असेल. शेवटी दार फोडलं तेव्हा ओठ फाटून फरशीवर रक्त आलं होतं. पोर वाचली. मी पोचले तेव्हा तू जिन्यात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि मुमताजचाची तिच्या तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी बसत बसत उतरून अजून आवारातच होती.

तू मला काहीच बोलली नाहीस मावशी. मी म्हणत हुते का न्हाई, एवढं जरी म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडले असते. तू फक्त म्हणालीस, "उंब्रज, पाणी आण."

त्याच आठवड्यात तू अदलाबदलीला लागलीस, आणि सुरुवात स्वतःपासून केलीस. तुझा तळमजला मुमताजचाचीला, तिचा तिसरा मजला तुला. तिसरा मजला, मावशी, आणि तुला तेव्हाही दोन पायऱ्यांत दम लागत होता. रेखा मला खाली भेटली. कुपवाडला भाड्याच्या एका खोलीत नवरा, दोन पोरं आणि सासू घेऊन राहते ती. तळमजल्याच्या त्या घरात आईसोबत राहू, पुढंमागं ते आपलंच, असं तिनं धरलं होतं. रडली नाही. म्हणाली, "आईला सगळी गल्ली दिसती, मी तेवढी दिसत न्हाई." हे मी तुला सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं असं मला वाटतं. माहीत असून तू तिला विचारलं नव्हतंस, आणि ही तुझी गोष्ट मला आजही पटलेली नाही.

सगळ्यात अडून बसला धोंडीरामअण्णा. त्यानं घराला आंबा कलर दिला होता, देवाला कोनाडा केला होता, सुनीताच्या घराशी बदलायला तो तयार नव्हता. मी त्याला सामाजिक जाणीव वगैरे ऐकवली. त्यानं मला चहा पाजून वाटेला लावलं. तू गेलीस आणि विचारलंस, कमल रोज सकाळी किल्ली कुठं देती? ती क मध्ये जुन्या शेजारणीकडं देत होती. तिन्ही इमारतींना वळसा घालून, कामाची गाडी चुकवून, रोज. अण्णाला ते माहीतच नव्हतं. "तुझी बायको रोज किल्ली घिऊन वणवण हिंडती आन् तू भिताडाचा रंग बघत बस," एवढंच बोलून तू उठलीस. दोन दिवसांनी तो तयार झाला. अट एकच, नव्या घराला तोच आंबा कलर. तू तो जावयाकडून लावून घेतलास.

तो रविवार मी विसरणार नाही. तिन्ही जिन्यांत हंडे, गाद्या, कपाटं, कोंबड्यांची खुराडी, वर जाणारे खाली येणाऱ्यांना वाट देईनात, आणि सगळे हसत होते. मुमताजचाची खुर्चीवर बसून कुणाचं काय कुठं जायचं ते ओरडून सांगत होती. तू म्हणालीस, "पाणी न येता पयल्यांदा सामान उचललं बघ."

नियमाचं मी तुला आधीच सांगितलं होतं, हे मात्र मान्य कर. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, नावावर असेल त्यानंच राहायचं. तू म्हणालीस, आमी कुठं इकतोय? नियमाला ते कळणार नव्हतं. पण खरी गंमत पुढं आहे. दलाल गरिबांची घरं गिळतात म्हणून 'ज्याचे घर तोच राहतो का, याची कडक तपासणी करा' अशी मागणी मीच केली होती. तपासणी झाली. दलाल कुणी सापडला नाही. तुम्ही अकरा सापडलात.

आणि मग दवाखाना. रविवारी मी आले तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती आणि तरी तू मला जवळ बोलावून कारस्थान सांगितलंस. रेखा पायाशी बसली होती.

"समदं माझ्यावर घाला. शालनबाईनं सांगितलं, आमाला नेम म्हाईत नव्हता, म्हणा. मेलेल्या बाईला नोटीस लागू हुत न्हाई."

"तू मेलेली नाहीस."

"शुक्रवारपातूर हुईन की."

मी ओरडले तुझ्यावर. नळी लावलेल्या बाईवर. म्हणाले, असली लबाडी मी लिहून देणार नाही, तू कुणाला फसवलेलं नाहीस. तू म्हणालीस, तुझं तत्त्व तू खिशात ठेव, माझ्या अकरा चुली विझवू नगंस. सिस्टर आली, मला बाहेर काढलं. दारातून मी वळून बघितलं तर तू डोळे मिटले होतेस. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. सोडतीचं तुझं बरोबर होतं, मावशी. पाच शब्द. प्राचीच्या दिवसापासून ते माझ्या तोंडाशी येऊन बसले होते. पुन्हा आले की बोलू, असं म्हणून मी जिना उतरले.

तुला मातीआड करून आलो, आणि बुधवारी संध्याकाळी सगळे अ इमारतीच्या जिन्यात जमले. रेखानं तुझा निरोप सांगितला. धोंडीरामअण्णा लगेच म्हणाला, बाई सांगून गेल्यात तर तसंच करू, त्यास्नी आता कोण काय करणार. कुणी नाही म्हणालं नाही. उत्तर लिहायचं माझ्याकडं आलं, आणि मावशी, मी ते लिहिलं. लय बेस जमलं होतं. 'सदर अदलाबदल कालकथित शालन यांच्या सांगण्यावरून, नियमांच्या अज्ञानापोटी.' इथपर्यंत पेन पळत होतं. पुढं कायद्यानं पक्कं होईल असा एकच शब्द होता, 'दिशाभूल'. शालन यांनी आमची दिशाभूल केली. तो मी लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला.

मुमताजचाची पायरीवरून उठली. उठायला तिला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे. "मला चार महिन्यांनी जमिनीवर उतरिवलं तिनं," म्हणाली. "तिनं मला फसिवलं, ह्याच्यावर मी अंगठा देणार न्हाई. घर गेलं तर जाऊ दे."

"चाची, घर गेल्यावर कुठं जाशील?" अण्णानं विचारलं. त्याचंही खोटं नव्हतं. मळीतली घरं पाडून झाली होती. माघारी जायला काही उरलेलं नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. मग कमलनं माझ्या हातातला कागद घेतला, नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमीच वाचा. मोठ्यानं. तो शबुद बी." अण्णानं वाचायला सुरुवात केली. त्या शब्दाशी आला, थांबला, कागदाची घडी घालून माझ्याकडं परत दिली. "दुसरं लिही," म्हणाला.

तुझी शेवटची आज्ञा आम्ही मोडली ती अशी.

शुक्रवारी साहेबांनी फाइल उघडली तर सगळ्यात वर माझंच पत्रक. खाली माझी सही. त्यांनी ते सावकाश वाचलं, तीव्र आंदोलनासकट. माणूस वाईट नव्हता, हे तुला आवडणार नाही पण खरं आहे. ते म्हणाले, "सोडत तुम्ही मागितली. तपासणी तुम्ही मागितली. आता सोडत मोडली तरी चालेल म्हणताय. मी नेमकं कुठलं पत्रक धरायचं?"

मी आयुष्यात कुठल्याच पत्रकात न लिहिलेली गोष्ट बोलले. म्हणाले, "माझी चूक झाली साहेब. लोकांना मजले वाटून देताना शेजार मोडला. तो त्यांनी परत जोडला. कुणी कुणाला फसवलेलं नाही, सगळ्यांनी समजून उमजून बदललंय, आणि सुचवलं शालनबाईंनी." मग सुनीता बोलली, प्राचीला पुढं उभं करून, तिच्या ओठाच्या खुणेवर बोट ठेवून. तुझा किल्लीचा प्रश्न तिनं साहेबांना समजावून सांगितला. साहेब म्हणाले, नियमात असा काही निकष नाही. सुनीता म्हणाली, "न्हाई, म्हणून तर बाईनं दारोदार इचारला."

शेवटी असं ठरलं. रद्द करण्याची कारवाई तूर्त थांबवली. अकराही घरांनी देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहीनं संमतीपत्रं द्यायची, सोमवारपर्यंत, एकत्र. मग अदलाबदल नियमित करायचा प्रस्ताव वर जाईल. एक जरी सही कमी असली तरी प्रस्ताव जाणार नाही.

आम्ही बाहेर येऊन एकमेकांचे हात धरेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, जिन्यातच. मुमताजचाचीला घर देणारी तू. मेलेल्या बाईला नोटीस लागू होत नाही, बरोबर. पण मेलेल्या बाईला सही पण करता येत नाही. तुझ्या जागी सही लागणार वारसाची. अ इमारतीचा तळमजला कागदोपत्री तुझाच होता, म्हणजे आता रेखाचा. सही केली तर तिच्या वाट्याला ब चा तिसरा मजला. तिनं नुसतं नाही म्हटलं की तळमजला तिला मिळत होता. कायद्यानं, विनावाद. आणि बाकीची दहा घरं लटकत होती.

तिला सांगायला गेले मी कुपवाडला. संघटनेतले म्हणाले होते, समजावून सांग, दबाव आण, वस्तीतल्या चार बायका ने. मी एकटी गेले. एका खोलीत चूल, पलंग, अभ्यासाला बसलेली पोरं. मी कागद पुढं ठेवला आणि काय काय होऊ शकतं ते दोन्ही बाजूंनी सांगितलं. तिच्या बाजूनं आधी. तिनं कागद घेतला, उशीखाली ठेवला, आणि म्हणाली, जलदान होऊ दे.

रविवारी तुझा जलदान विधी झाला. अख्खी माळावरची वस्ती होती, मळीतली नसलेली माणसंसुद्धा. रेखा कुणाशी फारसं बोलली नाही. मुमताजचाचीनं तिला जवळ घेतलं, पण घराचा विषय काढला नाही. रेखाचा नवरा तुझ्या तळमजल्यासमोरच्या मोकळ्या जागेकडं बराच वेळ बघत उभा होता. मला त्याला दोष देता आला नाही.

एक गोष्ट तुला विचारायची राहिलीच. खंडाळ्याकडच्या एका वस्तीतून फोन आलाय. तिथंही घरकुलं उठतायत, तिथंही पुढारी आहेत, आणि त्यांना पत्रक पाहिजे. काय मागू मी? तुझी हळकुंडांची यादी खरी होती, मावशी, कारण ती मांडणारी तू होतीस. तिथं तू नाहीस. तिथं 'शेजार बघून घरं द्या' म्हटलं की एखादा पुढारीच शेजार ठरवायला बसेल आणि आपल्या मेहुण्याला तळमजला देईल. कुणाच्या चांगुलपणावर हक्क टांगता येत नाही, हे माझं वाक्य अजून खोटं पडलेलं नाही. आणि सोडतीनं प्राचीचा ओठ फाटला हेही खोटं नाही. या दोन्हींच्या मधली वाट तुला दिसत होती की तू नुसती प्रत्येक दाराशी जाऊन विचारत होतीस? मला वाटतं, तू विचारत होतीस. म्हणून तिथं जाणार आहे ते पत्रकाशिवाय, मोकळ्या हातानं, आणि पहिले चार दिवस माझं तोंड बंद असणार आहे. तू असतीस तर यावर लय हसली असतीस.

आज सोमवार. ऑफिस बंद व्हायला तासभर होता. दहा घरांची संमतीपत्रं टेबलावर होती. मुमताजचाचीनं अकराव्यावर घेणाऱ्याच्या जागी अंगठा दिला होता, आणि देणाऱ्याच्या जागी तुझं नाव छापलेलं, पुढं 'करिता वारस', पुढं रिकामं. सुनीता खिडकीतून रस्त्याकडं बघत होती. अण्णा पाणी प्यायला तिसऱ्यांदा उठला होता.

रेखा आली. एकटीच आली, कंपनीच्या कामाच्या कपड्यांत, अर्धी रजा टाकून. कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तुझ्यासारखाच, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. तिसऱ्या मजल्याच्या घराचा नंबर आला तिथं बोट जरा थांबलं. मग तिनं माझ्याकडं मान वळवून हळूच विचारलं, "मी सही करावी, असं आई तुला बोलली हुती का?"

मला हो म्हणता आलं असतं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणाले, "नाही."

"मला बी न्हाई," ती म्हणाली, आणि सही केली.